आवाज आधी, गाडी मागून

चहाचं आधण कधी ठेवायचं, हे सावेडीतल्या त्या बंगलीत घड्याळ ठरवत नसे, मार्तंडरावांची गाडी ठरवत असे. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. गिरणीपाशी वळताना मार्तंडराव दुसरा गिअर टाकत, इंजिन एकदा घसा खाकरल्यासारखं करी, आणि इकडे स्वयंपाकघरात शोभाबाई पातेलं गॅसवर चढवत. मग फाटकाची कडी वाजे, गाडी पोर्चमध्ये येऊन बंद होई, अंगणातल्या नळावर पाय धुतले जात. ते टेबलाशी येऊन बसेपर्यंत चहा गाळलेला असे. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांचं कशाकशावरून वाजलं असेल, पण या चहाचा ठेका कधी चुकला नव्हता.

शोभाबाईंचा कान तयार होता. मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर गाणं शिकवलं. कोणत्या बाकावरच्या मुलीचा सूर उतरलाय, हे त्या फळ्याकडे तोंड करून सांगत. उलट मार्तंडरावांचा उजवा कान कधीच्या काळी एका तापात गेला होता, आणि डाव्या कानाने ते सोयीचं तेवढंच ऐकत, असं शोभाबाईंचं मत होतं. गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झाले, तरी करंजी घाटाखालच्या एका शाळेत दहावीच्या मुलांना शिकवायला ते आठवड्यातून दोन-तीनदा जात. त्यांची गाडी नव्वद सालच्या आसपासची, पेट्रोलची. मूळची पांढरी, आता सायीच्या रंगावर गेलेली. मोबाईल ते गाडीच्या कप्प्यात ठेवत आणि स्वतः वर्गात जात, त्यामुळे तो असून नसल्यासारखाच. शोभाबाईंना नवऱ्याची खबर लागायची ती गिरणीपासल्या त्या खाकरण्यानेच.

आणि मार्तंडरावांनी चहा प्यायचा तो बशीतूनच. असा फुर्रकन ओढायचा, की शोभाबाई म्हणत, "अहो, हळू जरा! गल्लीला कळतं आपल्याकडे चहा झाला ते."

"कळू दे की," मार्तंडराव म्हणत, आणि पुढचा घोट मुद्दाम लांबवत.

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा माघ संपत आला होता. दुपार कलली होती, वाऱ्याने अंगणात धूळ फिरत होती. शोभाबाईंनी गिरणीपाशी गाडी ऐकली. दुसरा गिअर, ते खाकरणं, फाटकाची कडी, इंजिन बंद. त्यांनी आधण ठेवलं, आलं ठेचलं, चहा गाळला. माणूस काही आत येईना. बाहेर जाऊन पाहतात तो फाटक लावलेलं आणि पोर्च रिकामा. आता आपलंही वय झालं म्हणायचं, असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी कपावर बशी झाकली. चहावर साय धरली, तेव्हा गिरणीपाशी पुन्हा तोच आवाज झाला, आणि या वेळी त्याच्यामागून गाडीही आली.

"चहा गार कसा गं आज?"

"तुम्ही मघाशी येऊन गेलात म्हणून."

मार्तंडराव हसले. "उजेड आधी आणि आवाज नंतर, हे मी पोरांना शिकवत आलो. आवाज आधी आणि गाडी नंतर, हे आता तुझ्याकडून शिकायचं."

त्यावर शोभाबाईही हसल्या. पण पुढच्या खेपेला तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. अंतर वाढत चाललं होतं. आधी चहावर साय धरेपर्यंत गाडी येई, मग दोरीवरचे कपडे घड्या करून होईपर्यंत, मग देवापाशी दिवा लागेपर्यंत. हा कानाचा भास असता तर त्यांनी तो मुकाट्याने सोसला असता. पण एके दिवशी भांडी घासता घासता कामाला येणाऱ्या लंकाबाईनेच मान वर केली.

"बाई, सर आले जनू."

"तुला ऐकू आलं?"

"आता न्हाई का? फाटक वाजलं की वं." लंकाबाई हात पुसत बाहेर जाऊन आली आणि पुन्हा भांड्यांना लागली. जाताना दारात थांबली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, उद्यापासनं म्या जरा लवकर येऊन जाईन."

गाडीबद्दल मार्तंडरावांचीही तक्रार होती, पण निराळी. घाट चढताना इंजिनात कुणीतरी बारीक हातोडीने ठोकतंय असं वाटे. पेट्रोल तर पाण्यासारखं जाई. आणि सगळ्यात गंमत म्हणजे, चावी काढून खिशात टाकली तरी इंजिन थोडा वेळ तसंच थरथरत राही, कुणी हलवून जागं केलेल्या माणसासारखं. "टायमिंग गेलं असणार," ते म्हणाले. "दाखवू एकदा कल्याणला." कल्याण म्हणजे भिंगारच्या पुढे पाथर्डी रस्त्याला गॅरेज टाकलेला एक मेकॅनिक. शोभाबाईंनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. आणि 'दाखवू' या शब्दाचा त्या घरातला अर्थ, पुढच्या दिवाळीपर्यंत बघू, असा होता.

त्यानंतरचा एक रविवार. शाळेला सुट्टी, मार्तंडराव घरीच. दुपारी टेबलाशी समोरासमोर बसून दोघं भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. गाडी पोर्चमध्ये होती, तिच्यावर खोळ घातलेली शोभाबाईंना बसल्या जागेवरून खिडकीतून दिसत होती. टरफलांचा बारीक आवाज चालला होता. भिंतीवरच्या पंख्याची घरघर होती.

आणि गिरणीपाशी गाडी वळली.

शोभाबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. दुसरा गिअर. ते ओळखीचं खाकरणं. आवाज गल्लीतून पुढे आला, फाटकाची कडी वाजली. इंजिन बंद झालं आणि बंद झाल्यावरही थरथरत राहिलं. दार उघडलं. मग पावलं वाजली... पण ही पावलं मार्तंडरावांची नव्हती. जड, पाय ओढत टाकलेली, पुढे यावं की न यावं असं चाललेली. अंगणातल्या नळाकडे ती वळली नाहीत, सरळ दाराशी आली. आणि दाराबाहेरून एक पुरुषी आवाज आला, खालच्या पट्टीतला, जपून काढलेला.

"काकू... जरा बाहेर येता का..."

माणसं कोणत्या वेळी असं बोलतात, हे या वयाला कुणी सांगावं लागत नाही. समोर मार्तंडराव मान खाली घालून दाणे निवडत होते. डावा कान भिंतीकडे, उजवा दाराकडे.

"काय गं? काय झालं?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. दार उघडून पाहिलं तर बाहेर ऊन होतं, बाकी कुणी नव्हतं. खोळीची एक गाठ वाऱ्याने हलत होती.

आजवर येत होता तो त्याच दिवशीचा आवाज, तासाभर अगोदर. हा मात्र कोणत्या दिवसाचा होता? गाडी परत येते आहे आणि चालवणारा दुसरा आहे, असा कोणता दिवस? शोभाबाई रात्रभर छताकडे बघत पडून राहिल्या. हा माणूस आपल्या दारात येऊन हे शब्द बोलेल तो दिवस येता कामा नये, एवढंच त्यांना कळत होतं. सकाळी उठून त्यांनी सांगितलं, "आज गाडी दाखवायची. मी येते बरोबर." मार्तंडरावांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि कधी नव्हे ते लगेच 'हो' म्हटलं.

गॅरेजपाशी एक लिंबाचं झाड होतं. मार्तंडराव उतरून आत गेले, शोभाबाई सावलीत गाडीतच बसून राहिल्या. कुणीतरी हात पुसत आलं आणि खिडकीशी वाकलं.

"काकू, जरा बाहेर येता का? गाडी आत घ्यायचीय."

तोच आवाज होता. पट्टी जरा वर, बोलणं मोकळं, पण आवाज तोच. शोभाबाई दार उघडून उतरल्या. मग त्यांना वाटलं, हेच तर नव्हतं ना ते? हेच वाक्य आपण आधी ऐकलं आणि आता ते फिटलं? पण मनाची समजूत पटेना. त्या वेळी घराचं फाटक वाजलं होतं. आणि गाडी आत घ्यायला सांगणारा माणूस इतक्या जपून बोलत नाही.

कल्याण बोलका होता, आणि आपल्या कानावर त्याचा भारी विश्वास. बॉनेट उघडून त्याने इंजिन चालू ठेवलं, एक लांब पेचकस लोखंडाला टेकवला आणि त्याच्या मुठीला कान लावला. "टायमिंग फुडं गेलंय, काका. ठिनगी घाई करतीय. पिस्टन वर यायच्या आदीच पडती. म्हंजी कसं, पाव्हना दारात यायच्या आदीच पानं वाढून मोकळं व्हायचं. मग चढाला ठोका येनारच, अन् चावी काढली तरी ती शांत हुनार न्हाई."

"मला द्या जरा," शोभाबाई म्हणाल्या. त्यांनी पेचकसाच्या मुठीला कान टेकवला. आत सगळं एका लयीत चाललं होतं आणि त्या लयीच्या आत, प्रत्येक ठोक्याच्या केसभर आधी, दुसरा एक ठोका पडत होता. "आमच्यात याला अनागत म्हणतात," त्या म्हणाल्या. "सम यायच्या आत सम दाखवायची. मुद्दाम केली तर कला, आपोआप व्हायला लागली तर बेताल."

"अन् उशिरा दावली तर?"

"अतीत."

"अतीत म्हंजी गेलेलं न्हाई का, काकू?" कल्याण हसला. शोभाबाई हसल्या नाहीत.

त्याने एक बोल्ट सैल केला, काळ्या टोपीचा एक डबा हाताने हळूच फिरवला, आणि इंजिन सुस्कारा सोडल्यासारखं निवलं. ठोके एकावर एक बसले. शोभाबाईंनी पेचकसाला लावलेला कान काढला नाही.

"अजून थोडं मागे घ्या," त्या म्हणाल्या.

"बसलंय की, काकू. बरुबर बसलंय."

"अजून थोडं. परत पुढे यायला नको."

"मागं लई घेतलं तरी खोटं असतं बरं का. पाव्हना हात धुऊन उठला अन् मग आपन पोळी आनली, त्यातली गत. गाडी मरगळती, तापती, चढाला दम ऱ्हात न्हाई." त्याने मार्तंडरावांकडे पाहिलं. मार्तंडरावांनी खांदे उडवले. "लयीच्या बाबतीत या घरात माझं चालत नाही. बाई म्हणतात तसं करा." कल्याणने डबा आणखी केसभर फिरवला आणि बोल्ट आवळला.

पुढचे काही दिवस सुखाचे गेले. गिरणीपाशी आवाज झाला की पाठोपाठ गाडी दिसे, आधण ठेवलं की माणूस येई. लंकाबाईही जुन्या वेळेवर येऊ लागली. मग एका दुपारी शोभाबाई कणीक मळत होत्या आणि मागून आवाज आला, "चहा नाही का आज?" मार्तंडराव पाय धुऊन समोर उभे. गाडी पोर्चमध्ये. ते आल्याचा आवाज मात्र काहीच नव्हता. शोभाबाईंनी गडबडीने पातेलं चढवलं. चहा उकळत असताना बाहेर गिरणीपाशी गाडी वळली, दुसरा गिअर पडला, फाटक वाजलं, इंजिन बंद झालं. मार्तंडराव वर्तमानपत्र वाचत होते.

शोभाबाईंना हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. माणूस आधी, आवाज नंतर! याच्याइतकं चांगलं काय असतं? उशिराची काळजी कुणाला, माणूस घरात असला म्हणजे झालं. आता तो आवाज मागून कितीही लांब रेंगाळला तरी त्यांची हरकत नव्हती.

आणि तो रेंगाळू लागला. गाडीही रेंगाळू लागली. घाटात दम धरत नाही, तापमानाचा काटा लालावर जातो, मध्येच सायलेन्सरमधून फटाका वाजतो, असं मार्तंडराव येऊन सांगत. अर्ध्या चढावर थांबून, बॉनेट उघडून, इंजिन निवेपर्यंत उन्हात उभं राहावं लागे. "परत एकदा कल्याणला दाखवतो. नाहीतर त्यालाच घरी बोलावू."

"घरी नको," शोभाबाई पटकन म्हणाल्या.

"का गं?"

कल्याणची पावलं आपल्या अंगणात पडू नयेत, एवढ्यासाठी त्या विषय बदलत राहिल्या. गॅरेजला जाऊन या, असंही त्यांनी जोर लावून म्हटलं नाही. टायमिंग एकदा बरोबर बसलं, तर ते पुन्हा पुढे सरकेल, ही भीती होती. मार्तंडराव 'दाखवू' म्हणाले, आणि त्या घरात 'दाखवू'चा अर्थ तर ठरलेलाच होता.

चैत्राचं ऊन तापलं होतं. त्या दिवशी शोभाबाईंनी ताटलीतले तांदूळ निवडून मान वर केली तर मार्तंडराव खुर्चीत बसलेले. रोजच्यापेक्षा बरेच लवकर. दार वाजलं नव्हतं, नळ वाजला नव्हता, खुर्चीची करकरही नाही. पाय धुतलेले दिसले नाहीत. पँटच्या गुडघ्यांना लाल मुरूम लागला होता.

"अहो, कधी आलात? पडलात की काय कुठे?"

त्यांनी नुसती मान हलवली. चेहरा दमलेला होता, पण शांत. शोभाबाईंनी आधण ठेवलं. खिडकीतून पोर्च दिसत होता. पोर्च रिकामा होता.

"आणि गाडी कुठाय?"

"येतीय मागून," मार्तंडराव म्हणाले. ते शब्द आपण कानांनी ऐकले की नुसते ओठांवर वाचले, हे शोभाबाईंना पुढे कधीच नक्की सांगता आलं नाही.

घाटात बंद पडली असेल, कुणाच्या तरी गाडीवर बसून आले असतील, असं त्यांनी मनाशी जुळवलं. चहा गाळला, दोघांचा. मार्तंडरावांनी कप बशीत ओतला, बशी ओठांना लावली, आणि शोभाबाई फुर्र आवाजाची वाट पाहत थांबल्या. आवाज आलाच नाही. बशीतला चहा कमी होत होता. घरात पंख्याची घरघर तेवढी होती. मार्तंडराव बशीवरून त्यांच्याकडे बघत होते, फार दिवसांनी भेटलेल्या माणसाकडे बघावं तसे.

"आज चहा गुपचूप पिताय," त्या म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला.

आणि गिरणीपाशी गाडी वळली.

हा रोजचाच, मागून येणारा आवाज, असं म्हणून त्यांनी कपाचा कान घट्ट धरला. दुसरा गिअर पडला. इंजिन खाकरलं. फाटक वाजलं. खिडकीत सायीच्या रंगाचं काहीतरी हललं... आवाज आणि गाडी, दोन्ही बरोबर आली होती. बरोब्बर समेवर. इंजिन बंद झालं. दार उघडलं. पावलं वाजली, जड, पाय ओढत टाकलेली. ती नळाकडे वळली नाहीत.

शोभाबाई उठल्या. खुर्चीकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं तर कळेल, आणि कळेपर्यंत तरी तो माणूस आपल्या घरात आहे, एवढंच त्या धरून होत्या.

"काकू... जरा बाहेर येता का..."

त्यांनी दार उघडलं. कल्याण उंबऱ्याशी उभा होता, डोक्यावरची टोपी हातात. हाताला मुरूम लागलेला. त्याच्या मागे पोर्चमध्ये गाडी चावी काढल्यावरही थरथरत होती.

"काका... घाटात गाडी तापली जनू. बॉनेट उघडून हुभे हुते. येनाऱ्या-जानाऱ्यानं कप्प्यातल्या मोबाईलवरनं मला फोन केला. म्या पोचलो तवा..." त्याने मागे गाडीकडे पाहिलं. "दवाखान्यात नेलंय. तुमी चला, काकू. मी न्यायला आलोय."

"किती वेळ झाला?"

"झाला की, काकू... तास झाला आसंल."

शोभाबाईंनी पदर खांद्यावर घेतला. रडू येत नव्हतं. टायमिंग मागे घ्यायला मीच सांगितलं, हे त्यांच्या मनात आलं. आणि त्याच्याच पाठोपाठ आलं की, मागे घेतलं म्हणून तर चहाला आले. यातलं कोणतं खरं मानायचं, हे ठरवायला आता सगळं आयुष्य पडलं होतं. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि दार ओढून घ्यायला हात मागे नेला.

तेवढ्यात आतून, टेबलापाशी, बशीतून चहा ओढल्याचा आवाज आला. फुर्रकन, लांबवलेला, मुद्दाम गल्लीला कळावा असा.

कल्याणचा चेहरा पांढरा पडला. "काकू..." तो कुजबुजला. "आत कोन हाय?"

शोभाबाईंनी दार हळूच ओढून घेतलं. कडी मात्र लावली नाही.